पास, नापास आणि गैरहजर : लोटस एलानच्या तपासण्यांचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानमालेत मोटारगाडी कुठून आली, असं आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल. पण इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला एक प्रश्न सतत छळत असतो. सरकारी दप्तरात एखादी गोष्ट नोंदलेली आहे; त्या नोंदीवरून नेमकं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही? आज हाच प्रश्न आपण एका छोट्या, दुर्मिळ इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या निमित्ताने बघणार आहोत. गाडीचं नाव लोटस एलान. आणि दप्तर आहे ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीचं, म्हणजे ज्याला तिथे सगळे एमओटी म्हणतात त्याचं.

आपल्याकडे गाडी ‘पासिंगला’ नेतात. हा शब्द मला फार बोलका वाटतो, कारण त्यात निकाल आधीच गृहीत धरलेला आहे. गाडी तपासायला नेली असं आपण म्हणत नाही, पासिंगला नेली म्हणतो. (हशा) तर प्रश्न असा, की एखादी गाडी दर वर्षी पास होत गेली, तर ती भरवशाची होती असं म्हणता येईल का? आणि उलट, ज्या गाडीची ‘सारखी बंद पडते’ अशी ख्याती आहे, तिची तपासणीतली कामगिरी वाईटच असणार का?

आधी तपासणी ही कल्पना कुठून आली ते पाहू. तिचं एक मूळ जर्मनीत सापडतं आणि त्याचा मोटारीशी काही संबंध नव्हता. १८६५ च्या जानेवारीत मानहाइम शहरातल्या एका दारूभट्टीत वाफेचा बॉयलर फुटला. पुढच्याच वर्षी तिथल्या बॉयलर-मालकांनी एकत्र येऊन स्वतःची तपासणी संस्था काढली. सरकारने कायद्याचा बडगा उगारण्याआधी आपणच त्रयस्थ माणसाकडून यंत्र तपासून घेऊ, असा त्यामागचा विचार. अशा संस्थांमधून पुढे ट्यूफ उभी राहिली, आणि मोटारी आल्यावर त्यांची तपासणीही तिच्याकडे आली. जर्मनीत गाड्यांची ठरावीक मुदतीने तपासणी १९५१ पासून सक्तीची आहे. नंबरप्लेटवर चिकटवायची ती गोल रंगीत चकती १९६१ पासूनची. तपासणारा दुरुस्ती करत नाही, हे तत्त्व तिथे बॉयलरच्या काळापासून टिकलं.

ब्रिटनने वेगळी वाट धरली. १९५६ च्या रस्ते वाहतूक कायद्याने सरकारला अधिकार दिला आणि १९६० साली वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या काळात तपासणी सुरू झाली. ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’ची तपासणी म्हणून तिचं नाव एमओटी. ते खातं पुढे त्या नावाने उरलं नाही, पण तपासणीचं नाव तेच राहिलं. सुरुवातीला फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्या आणि फक्त तीन गोष्टी: ब्रेक, लाइट आणि स्टिअरिंग. काम दिलं परवानाधारक खासगी गॅरेजांना, म्हणजे तपासणारा आणि दुरुस्त करणारा बहुतेक वेळा एकच. नापास होणाऱ्या गाड्यांचं प्रमाण इतकं मोठं निघालं, की १९६१ अखेर मर्यादा दहावरून सात वर्षांवर आली आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर. ती आजही तीनच आहे. म्हणजे त्या पहिल्या निकालांनी कायदाच बदलला. रस्त्यावर आपल्या समोरून येणाऱ्या गाडीचे ब्रेक लागतील की नाही याची कुणालाच खात्री नव्हती, हे तेव्हा पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

आता गाडीकडे येऊ. तपासणीची सक्ती अजून नवी असतानाच, ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोटस एलान लोकांसमोर आली. लोटस ही कॉलिन चॅपमन यांची कंपनी. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, जिम क्लार्क याने लोटस चालवून फॉर्म्युला वनचं विश्वविजेतेपद मिळवलं. चॅपमन यांचा सगळा भर वजन कमी करण्यावर. एलानचं डिझाइन रॉन हिकमन यांचं. घरगुती कारागिरांचं घडीचं ‘वर्कमेट’ टेबल पुढे काढलं तेही त्यांनीच. गाडी साधारण साडेसहाशे ते सातशे किलोची. इंजिनाचा खालचा भाग फोर्डचा, त्यावर लोटसचं स्वतःचं दोन कॅमशाफ्टचं हेड, क्षमता १५५८ सीसी. चारही चाकांना डिस्क ब्रेक, त्या काळात या किमतीच्या गाडीत सहसा न मिळणारी गोष्ट. दोन आसनी एलान १९७३ पर्यंत बनली आणि एकूण संख्या दहा हजारांच्या आसपास. त्याच काळातली एमजीबी पाच लाखांहून जास्त बनली. यावरून ‘दुर्मिळ’ म्हणजे काय ते लक्षात यावं.

तिची रचना जरा नीट समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गाडीच्या मधोमध पोलादी पत्र्याची, पेटीसारखी पोकळ चासी. आपल्या पाठीच्या कण्यासारखी. दोन्ही टोकांना तिला फाटे फुटतात. पुढच्या फाट्यात इंजिन बसतं, मागच्यात डिफरन्शियल, आणि फाट्यांच्या टोकांना चाकांचं सस्पेन्शन. या कण्यावर फायबरची बॉडी बोल्टने बसवलेली. फायबरला गंज चढत नाही. पोलादाला चढतो.

इथेच पहिली गंमत आहे. साध्या पत्र्याच्या गाडीत गंज आधी दिसतो तो बाहेरून: मडगार्डवर फोड येतात, दाराची कड खाल्ली जाते. मालकाला आपोआप सूचना मिळते. एलानमध्ये ही सूचना मिळतच नाही. बॉडी चकचकीत, रंग ताजा आणि आत कणा पोखरलेला. सर्वांत धोक्याची जागा म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचे उभे खांब. त्यांच्या तळाशी पाणी निघून जायला छोटी छिद्रं ठेवलेली होती. रस्त्यावरची घाण साचून ती बुजतात, आत पाणी तुंबतं आणि पत्रा आतून सडतो. ज्या खांबाने चाक धरून ठेवायचं, तोच कच्चा होतो.

आणि १९६० च्या तपासणीत चासीची अवस्था हा मुद्दाच नव्हता! टायर तपासायला लागले १९६८ मध्ये. वायपर, इंडिकेटर, हॉर्न, एक्झॉस्ट आणि गाडीच्या सांगाड्याची अवस्था हे मुद्दे आले १९७७ मध्ये. तोवर पहिल्या एलान चौदा-पंधरा वर्षांच्या झाल्या होत्या. म्हणजे १९७५ साली पास झालेली एलान आणि १९७८ साली पास झालेली एलान, दोन्हींच्या कागदावर शब्द एकच, पण अर्थ वेगळा. पहिल्या कागदाने कण्याबद्दल तोंडच उघडलेलं नाही. जुने निकाल वाचताना ‘पास’ शब्दाआधी त्या वर्षी काय काय तपासत होते ते बघावं लागतं, ते यासाठी.

आता एलानमधली एक करामत सांगतो. हिचे हेडलाइट बॉनेटमध्ये झाकलेले असतात आणि लागताना वर उचलले जातात. उचलायला मोटर नाही. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीतून जो निर्वात तयार होतो त्यावर हे लाइट वर येतात. पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती ओढ कमी होते, म्हणून निर्वाताचा थोडा साठा करून ठेवायला टाकी हवी. वेगळी टाकी म्हणजे वजन. मग चॅपमन यांच्या माणसांनी काय केलं? चासीचा पुढचा आडवा पोकळ भागच बंद करून त्याची टाकी केली. एक पै खर्च नाही, एक ग्रॅम वजन नाही.

परिणाम असा झाला, की हा भाग गंजून त्याला बारीक भोक पडलं की निर्वात टिकत नाही. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये अशा वेळी लाइट वर येतच नाहीत, किंवा रात्री चालता चालता हळूहळू खाली बसतात. आता तपासणीचं बघा. तपासनीस नोंद करणार, ‘हेडलाइट नापास’. कागदावर हा विजेचा दोष. मालक एखादी रबरी नळी बदलणार, कदाचित त्याने काम भागेलही, कारण नळ्याही गळतात. पण कधी कधी त्या लाइटच्या नोंदीमागे चासीचा गंज बोलत असतो. तापाची नोंद झाली, आजाराची झालीच नाही.

विजेचंच आणखी एक. पत्र्याच्या गाडीत सगळी बॉडीच अर्थिंगचं काम करते. दिव्याला एक वायर पुरते, परतीचा रस्ता पत्र्यातून. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर आणि वेगळा जोड. तो जोड ओल धरतो, हिरवा पडतो आणि मग ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. फायबरच्या गाड्यांचं हे सगळ्यांना माहीत असलेलं दुखणं. ब्रिटनमध्ये एकूण सगळ्याच गाड्या सर्वांत जास्त कशात नापास होतात, तर लाइट आणि विजेच्या सामानात. म्हणजे एलान लाइटमध्ये नापास झाली तर ती गर्दीत मिसळून जाते. कारण निराळं, नोंद तीच.

आता भरवसा. भरवशाची गाडी म्हणजे सकाळी चालू होणारी आणि संध्याकाळी घरी आणणारी. एलानची बदनामी झाली ती इथे. तिच्या इंजिनाचा पाण्याचा पंप घ्या. तो इंजिनाच्या पुढच्या झाकणातच बसवलेला आहे. त्याचं बेअरिंग गेलं तर ते झाकण उतरवावं लागतं, आणि त्यासाठी अर्ध्या इंजिनाला हात लावावा लागतो. मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टला जाड रबरी कपलिंग आहेत, एकूण चार. रबर जुनं झालं की चिरतं. वर एक सामाजिक कारण. त्या काळात ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, पण सुट्या भागांत घेतलेल्या गाडीवर तो लागत नव्हता. म्हणून अनेक एलान ‘किट’ म्हणून विकल्या गेल्या आणि शेवटची जोडणी मालकाने घराच्या गॅरेजात केली. एप्रिल १९७३ मध्ये व्हॅट आल्यावर ही सवलत संपली. कंपनीचा दोष किती आणि घरच्या पान्याचा दोष किती, हे वेगळं काढणं अवघड. पण नाव खराब झालं ते लोटसचंच. त्या नावाच्या अक्षरांवरून ‘भरपूर कटकट, बहुधा गंभीर’ अशा अर्थाचा इंग्रजी विनोदही रूढ झाला.

आता मला सांगा, यातलं एमओटीत काय दिसतं? तपासनीसाला गाडीचा एकही भाग खोलायची परवानगी नाही. तो बघतो, हलवतो, हलकेच ठोकतो. इंजिन किती वर्षं चालेल, पाण्याचा पंप आवाज करतोय का, हे त्याच्या कक्षेतच नाही. तो एवढंच सांगतो की आज, या घटकेला, ही गाडी रस्त्यावर दुसऱ्याच्या जिवाला धोका नाही. एक प्रश्न आहे समोरच्याच्या जिवाचा आणि दुसरा मालकाच्या खिशाचा व वेळेचा. बोलताना आपण ते दोन्ही एकच समजतो.

हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत, याचं उत्तम उदाहरण एलानच्या एका मानसपुत्राचं आहे. १९८९ मध्ये माझदाने एमएक्स-५ आणली. तशीच छोटी, हलकी, उघडी, एलान डोळ्यांसमोर ठेवून केलेली. ती लाखांनी खपली आणि तिचं इंजिन विश्वासू म्हणून नावाजलं गेलं. पण ब्रिटनमध्ये जुन्या एमएक्स-५ हमखास कशात अडकतात? गंजात. कापडी टपावरचं पाणी वाहून जायला नळ्या आहेत, त्या पालापाचोळ्याने बुजतात आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या आतून सडतात. तपासणीचा नियम असा, की सस्पेन्शन, ब्रेक, सीटबेल्ट वगैरे जिथे बसवलेत त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत गंभीर गंज असेल तर गाडी नापास. म्हणजे कधीही न बंद पडणारी गाडी नापास होते, आणि रस्त्यात रुसून बसणारी एलान नवी चासी घातलेली असेल तर खुशाल पास होते. दोन्हीकडे मूळ दुखणं तेच, पाणी जायचं बुजलेलं छिद्र.

नवी चासी म्हटलं म्हणून सांगतो. पुढे जस्ताचा लेप दिलेल्या बदली चासी मिळू लागल्या आणि पुष्कळ मालकांनी बॉडी उचलून खालचा कणाच बदलला. जुन्या वाड्याचे खांब बदलतात तसं. मग १९६७ ची नंबरप्लेट असलेल्या गाडीचा आजचा निकाल हा १९६७ च्या कारखान्याबद्दलचा पुरावा आहे की बदली चासी बसवणाऱ्या कारागिराबद्दलचा?

आता आकड्यांकडे वळू. २००५ पासून ब्रिटनमध्ये हे निकाल संगणकावर नोंदले जाऊ लागले. पुढे ते अभ्यासकांसाठी खुले झाले, आणि कोणत्याही गाडीचा नंबर टाकून तिचा इतिहास आज फुकट बघता येतो: पास-नापास, त्या दिवशीचं मीटर, नापास होण्याची कारणं आणि तपासनीसाने दिलेले सल्ले. वर्षाला तीन कोटींच्या आसपास तपासण्या! इतिहासकाराला याहून मोठी मेजवानी कोणती? लोक लगेच यादी करतात, कोणतं मॉडेल किती टक्के पास.

दुर्मिळ गाडीच्या बाबतीत इथे घसरायला होतं. समजा एखाद्या मॉडेलच्या वर्षाला दहाच गाड्या तपासायला आल्या. त्यातल्या एकीचा बल्ब गेला, तर नापास दहा टक्के. दोघींचा गेला, तर वीस. बल्बपायी गाडीची अब्रू दुप्पट गेली. जर्मनीत ट्यूफचा वार्षिक अहवाल निघतो, त्यात पुरेशा तपासण्या झाल्या नसतील तर ते मॉडेल यादीत घेतच नाहीत. हा शहाणपणा आहे. त्याच अहवालात पोर्शे ९११ वर्षानुवर्षे वरच्या जागी दिसते. गाडी चांगलीच आहे, वाद नाही. पण ती बहुधा घरातली एकमेव गाडी नसते, कमी चालते, छपराखाली राहते आणि तपासणीआधी जाणकार मेकॅनिक तिला बघून घेतो. त्या टक्केवारीत मालकाचाही हात असतो.

ब्रिटिश नोंदीत आणखी एक बारकावा आहे. दोष सापडला आणि तासाभरात तिथल्या तिथे दुरुस्त झाला, तर तो ‘दुरुस्तीनंतर पास’ म्हणून वेगळा नोंदवतात. या नोंदी कोणत्या बाजूला मोजायच्या, यावर टक्केवारी बदलते.

मग सरकारने स्वतः या आकड्यांवरून काय ठरवलं? २०१२ मध्ये १९६० पूर्वीच्या गाड्यांना तपासणीतून सूट मिळाली. तेव्हाचं सरकारी म्हणणं असं, की या गाड्या एकूण वाहनांच्या सुमारे ०.६ टक्के आहेत, पण अपघातांत त्यांचा वाटा जेमतेम ०.०३ टक्के. ऐकायला बिनतोड. पण त्याच वेळी हेही सांगितलं गेलं, की यातल्या दोनतृतीयांश गाड्या वर्षाला ५०० मैलही चालत नाहीत. म्हणजे आठशे किलोमीटर, आपल्या मुंबई-नागपूर अंतराएवढं. जी गाडी रस्त्यावर येतच नाही तिचे अपघात कमी असणारच! तुलना करायची तर दर गाडीमागे न करता दर मैलामागे करायला हवी होती.

२० मे २०१८ पासून ही सूट चाळीस वर्षांहून जुन्या, मोठे बदल न केलेल्या सगळ्या गाड्यांना मिळाली. मूळ नमुन्याप्रमाणेच बदललेली चासी हा मोठा बदल धरत नाहीत. म्हणजे आज जवळजवळ प्रत्येक जुनी एलान या सुटीत बसते. गाडी सुस्थितीत ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर आहेच, पण कागद सक्तीचा नाही. आता जे तपासणीला येतात ते आपल्या इच्छेने येतात, आणि आपल्या इच्छेने तपासून घेणारा माणूस मुळातच काळजी घेणारा असतो. यापुढे एलानची पास टक्केवारी सुधारलेली दिसली, तर गाडी सुधारली असं समजू नका. वर्गात फक्त अभ्यासू मुलं उरली आहेत.

यातूनच मला जे सांगायचं आहे तिथे आपण पोहोचतो. परीक्षेत नापास व्हायचं तरी मुलाला परीक्षेला बसावं लागतं. तसंच, नापास व्हायलासुद्धा गाडी तपासणीपर्यंत चालत यावी लागते. जिचं इंजिन उघडून ठेवलंय, जिचा पंप मिळत नाहीये, जिची चासी सडल्याचं मालकाला कळलंय, ती गाडी केंद्रावर जातच नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून ‘गाडी रस्त्यावर नाही’ असं जाहीर करून ती घरी ठेवता येते. मग तपासणीही लागत नाही. त्यामुळे दुर्मिळ गाडीचा बेभरवसा नापासच्या रकान्यात शोधून उपयोग नाही. तो गैरहजेरीत असतो. दोन तपासण्यांमध्ये चार वर्षांची पोकळी आणि मीटर जवळपास तिथेच, म्हणजे तिथे काहीतरी घडलं होतं. कधी ते मालकाचं आजारपण असेल, कधी पैशाची अडचण, पण पुष्कळदा गाडीच बिघडलेली असते.

म्हणून अशी गाडी विकत घेणाऱ्याने आणि तिचा इतिहास लिहिणाऱ्याने, दोघांनीही, एकच पद्धत वापरावी. शेवटचा निकाल बघून थांबू नये, सगळे निकाल ओळीने लावावेत. आधी वर्षं मोजावीत आणि कोणती गायब आहेत ते बघावं. मग मीटर: दर वर्षी थोडी तरी चालली का? स्पोर्ट्स कार उभी राहून जास्त खराब होते. रबर सुकतं, ब्रेक धरून बसतात. मग पास झालेल्या वर्षांतले सल्ले वाचावेत. ‘पुढच्या चासीवर किंचित गंज’ हा सल्ला तीन वर्षं येतो आणि चौथ्या वर्षी नाहीसा होतो, तर विचारावं की काम झालं की वर काळा रंग फासला? कामाची पावती मागावी. आणि शेवटी, त्या त्या वर्षीच्या तपासणीत काय काय होतं ते समोर ठेवावं.

एलान भरवशाची होती का, याचं माझं उत्तर असं. कारखान्यातून ती नाजूक निघाली, यात शंका नाही. पण तिचं इंजिन फोर्डच्या सांगाड्यावर आणि पुढचं सस्पेन्शन बरंचसं ट्रायम्फच्या सुट्या भागांवर उभं होतं, त्यामुळे ती दुरुस्त होऊ शकली. ज्यांच्या मालकांनी चासीतली ती छिद्रं वर्षातून एकदा तारेने मोकळी केली, त्यांतल्या अनेक आजही चालतात. ज्यांच्या नाही केली, त्या गाड्यांचा निकाल कुठल्याच दप्तरात सापडणार नाही, कारण त्या मोडीत गेल्या.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.